१२०० अंशांच्या बिलेटचं शिखर २ मायक्रॉनला, मग पायरोमीटर १ मायक्रॉनचा कशाला?

फोर्जलाइन_चाकण (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

इंडक्शन हीटरमधून ५० मिलिमीटर व्यासाचे ईएन-१९ या मिश्र पोलादाचे बिलेट (फोर्जिंगसाठीचे दांड्याचे तुकडे) निघतात. हॅमरखाली जाताना ते ११८० ते १२२० अंश सेल्सिअसला हवेत. मोजायला सध्या ८ ते १४ मायक्रॉनची टेम्परेचर गन आहे. तिची रेंज १६०० पर्यंत आहे आणि एमिसिव्हिटी, म्हणजे त्याच तापमानाच्या आदर्श वस्तूच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण फेकतो ते प्रमाण, ०.९५ वर लावलेली आहे. ती १००० च्या आसपास आकडा दाखवते. बिलेट मात्र पिवळट-पांढरा दिसतो आणि डाय नीट भरते, त्यामुळे १००० वर विश्वास बसत नाही.

पायरोमीटर (प्रारणावरून लांबून तापमान मोजणारं यंत्र) विकणाऱ्याने १ मायक्रॉन तरंगलांबीवर बघणारं यंत्र घ्या म्हणून सांगितलं. वीनचा नियम (सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये = २८९८ भागिले केल्विन तापमान) लावला तर १२०० अधिक २७३ म्हणजे १४७३ केल्विन, आणि २८९८ भागिले १४७३ म्हणजे १.९७ मायक्रॉन. सगळ्यात जास्त प्रारण २ मायक्रॉनला निघत असेल तर यंत्रही २ मायक्रॉनचंच घ्यायला नको का? १ मायक्रॉनला उजेड कमी, मग अचूकता जास्त कशी?

दुसरं, गन एवढी खाली का दाखवते? सेल बदलून पाहिला, लेन्स पुसली, फरक नाही.

तिसरं, शिखर जर अवरक्तात आहे तर लोखंड लाल-पिवळं दिसतं कसं, आणि भिंतीवरच्या रंगतक्त्यावर किती भरवसा ठेवायचा?

---

कृष्णवस्तू

दादा, तुमचं गणित बरोबर आहे. १४७३ केल्विनच्या आदर्श कृष्णवस्तूचं (पडणारं सगळं प्रारण शोषणाऱ्या वस्तूचं) शिखर १.९७ मायक्रॉनलाच येतं. पण शिखर म्हणजे जिथे प्रारण सर्वाधिक ती जागा. तापमान मोजायला उपयोगी जागा वेगळी असते: तापमान थोडं बदललं की जिथे सिग्नल सर्वांत जास्त बदलतो ती. या दोन जागा एक नाहीत, आणि तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

कुठल्या तरंगलांबीला किती प्रारण निघतं ते सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्रावरून १४७३ केल्विनचे आकडे काढून पाहा. १ मायक्रॉनला तीव्रता शिखराच्या सुमारे २४ टक्के असते. १० मायक्रॉनला, म्हणजे तुमची गन बघते त्या पट्ट्यात, ती शिखराच्या फक्त अडीच टक्के. म्हणजे १ मायक्रॉनला उजेड कमी हे खरं, तरी तुमच्या गनला मिळतो त्याच्या जवळपास दहापट. सिलिकॉन डिटेक्टरला तो भरपूर होतो.

आता बदल बघा. एखाद्या तरंगलांबीवर सिग्नल तापमानाच्या कितव्या घाताने वाढतो ते काढता येतं. १ मायक्रॉनला हा घात जवळपास ९.८ येतो. शिखरावर तो नेमका ५ असतो, तापमान कुठलंही असो. १० मायक्रॉनला घात उरतो १.५७. घात जितका मोठा तितकी बाकीच्या चुकांची झळ कमी, कारण सिग्नलमध्ये काही टक्के गडबड झाली तरी तापमानात ती त्या घाताने भागून उतरते.

एमिसिव्हिटीत १० टक्के चूक धरा. १२०० अंशांवर तिचा परिणाम असा: १ मायक्रॉनला सुमारे १५ अंश, २ मायक्रॉनला ३० अंश, १० मायक्रॉनला ९० च्या वर. म्हणून विक्रेत्याचं म्हणणं बरोबर आहे.

तुमच्या गनचे हरवलेले २०० अंशही यातच सापडतात. पपडी (तापल्यावर बसणारा ऑक्साइडचा थर) धरलेल्या पण मध्येमध्ये झडलेल्या बिलेटची एमिसिव्हिटी ०.७५ धरू. गनमध्ये ०.९५ लावलंय. खरं तापमान १२०० असताना १० मायक्रॉनला हिशोब केला तर वाचन १००० येतं. अगदी तीच चूक, म्हणजे ०.७५ ऐवजी ०.९५, १ मायक्रॉनच्या यंत्रावर केली तर वाचन ११६५ येतं. एकीकडे २०० अंश, दुसरीकडे ३५. गन बिघडलेली नाही. या कामाला ती चुकीच्या पट्ट्यात बघते एवढंच.

त्यात भर म्हणजे, उघड्या धातूची एमिसिव्हिटी तरंगलांबी वाढेल तशी घटते. पपडी नसलेलं पोलाद १ मायक्रॉनला ०.३५ ते ०.४ च्या घरात असतं, १० मायक्रॉनला ०.१ च्या आसपास. पपडीचा तुकडा उडाला आणि खालचं चकचकीत लोखंड दिसलं की ८ ते १४ ची गन शेकड्यांनी खाली घसरते. धातूच्या या गुणामुळेच त्याचं शिखरसुद्धा वीनच्या आकड्यापेक्षा किंचित आखूड तरंगलांबीकडे सरकतं. वीनचा नियम काटेकोरपणे लागू पडतो तो आदर्श कृष्णवस्तूला, किंवा जिची एमिसिव्हिटी सगळ्या तरंगलांब्यांवर सारखी असते अशा करड्या वस्तूला.

२ मायक्रॉनला आणखी एक अडचण आहे. हवेतली पाण्याची वाफ १.८७ मायक्रॉनच्या आसपास प्रारण शोषते, आणि तुमचं शिखर तिथून फार दूर नाही. डाय लुब्रिकंटच्या फवाऱ्याची वाफ मध्ये आली की वाचन नाचेल. १ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा या बाबतीत बराच मोकळा आहे.

मग वीनचा नियम कामाचा नाही का? आहे, आणि रोजच्या वापरातला आहे. कृष्णवस्तूच्या वक्राचा आकार सगळ्या तापमानांना एकच असतो, फक्त तो सरकतो आणि उंच-ठेंगणा होतो. म्हणून शिखराच्या निम्म्या तरंगलांबीवर तीव्रता नेहमी शिखराच्या २२ टक्के असते आणि घात नेहमी १० च्या जवळ. हा चांगला सौदा आहे. तुमच्या बिलेटचं निम्मं ०.९८ मायक्रॉन, म्हणून १ मायक्रॉनचं यंत्र. ४०० अंशांच्या मालाचं शिखर ४.३ मायक्रॉनला, तिथे १ मायक्रॉनला शिखराच्या दहा हजारांत एक भागच सिग्नल मिळतो, म्हणून १.६ किंवा २ मायक्रॉनच्या पुढे जावं लागतं. वीनवरून शिखर काढा, त्याच्या अर्ध्यावर या, आणि त्या आसपास बाजारात जो डिटेक्टर मिळतो तो घ्या.

शिखर शोधून त्यावरून तापमान काढणं मात्र कारखान्यात कोणीच करत नाही, त्यालाही कारण आहे. वक्राचा माथा चपटा असतो. शिखरापासून तरंगलांबी १० टक्के इकडे-तिकडे झाली तरी तीव्रता जेमतेम २ ते ३ टक्के घटते. म्हणजे तीव्रता अडीच टक्क्यांपर्यंत बरोबर मोजली तरी शिखराच्या जागेत १० टक्के घोळ राहू शकतो, आणि तो घोळ तुमच्या बाबतीत १४७ केल्विनचा होतो.

---

मृग_नक्षत्र

तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

डोळ्याला दिसतं ते शिखर नव्हेच, वक्राची आखूड तरंगलांबीकडची शेपटी आहे. शिखर दृश्य पट्ट्याच्या तांबड्या टोकाला, म्हणजे ०.७ मायक्रॉनला, टेकायलाच ४१४० केल्विन लागतात. टंगस्टन ३६९५ केल्विनला वितळतो. म्हणजे कुठल्याही धातूची तार कितीही तापवली तरी ती घन असेपर्यंत तिचं शिखर अवरक्तातच राहतं. जुन्या पिवळ्या बल्बची तार २७०० ते २८०० केल्विनवर जळते आणि तिचं शिखर १.०३ ते १.०७ मायक्रॉनला येतं. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत का जाते, ते या एका आकड्यावरून कळतं.

तुमच्या बिलेटच्या एकूण प्रारणातला दृश्य भाग दहा हजारांत चार-पाच एवढाच असतो. तरी झगझगीत दिसतो, कारण एकूणच फार असतं: १४७३ केल्विनची कृष्णवस्तू दर चौरस मीटरला २६७ किलोवॅट फेकते.

रंग ठरतो तो या शेपटीच्या उतारावरून. ०.६५ मायक्रॉनचा तांबडा आणि ०.४५ मायक्रॉनचा निळा यांची तीव्रता भागून पाहा. ६०० अंशांना तांबडा निळ्याच्या बारा हजार पटींहून जास्त असतो, म्हणून रंग गडद लाल. १२०० अंशांना तो १२५ पटींवर येतो. हिरवा-पिवळा पुरेसा मिसळला की डोळ्याला पिवळट-पांढरं दिसतं. सूर्याच्या पृष्ठभागाला, ५७७२ केल्विनला, हे गुणोत्तर ०.८९ होतं, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. म्हणूनच सूर्याचं शिखर ५०२ नॅनोमीटरला, हिरव्यात असूनही तो हिरवा दिसत नाही. सगळे रंग भरपूर मिसळलेले असतात आणि डोळा त्याला पांढरा म्हणतो. हिरवा तारा आकाशात सापडत नाही तो यामुळेच.

थंडीतल्या रात्री मृग नक्षत्रात हा उतार नुसत्या डोळ्यांनी दिसतो. काक्षी सुमारे ३६०० केल्विन, शिखर ०.८ मायक्रॉन, रंग तांबूस. राजन्य सुमारे १२००० केल्विन, शिखर ०.२४ मायक्रॉन, म्हणजे अतिनीलात, रंग निळसर पांढरा. खालच्या बाजूचा व्याध ९९०० केल्विनच्या घरात. या तिघांपैकी एकाचंही शिखर दृश्य पट्ट्यात नाही, तरी रंगांतला फरक स्पष्ट आहे.

आता रंगतक्ता. पूर्ण अंधारात लोखंड चमकायला लागतं ते ५२५ अंशांच्या आसपास. जॉन विल्यम ड्रेपरने १८४७ मध्ये दाखवलं की वेगवेगळे पदार्थ जवळपास एकाच तापमानाला उजळायला लागतात. तेव्हा शिखर ३.६ मायक्रॉनला असतं, दृश्य पट्ट्यापासून कितीतरी लांब. शेडमध्ये दुपारचं ऊन येत असेल तर हाच लालसरपणा शंभर-सव्वाशे अंश वर गेल्याशिवाय नजरेत भरत नाही. सकाळच्या आणि रात्रीच्या पाळीत एकाच बिलेटचा रंग वेगळा वाटतो तो त्यामुळे. तक्ता वापरायचा तर मोजणीच्या जागेवर कायम सावली हवी. तरीही ५० अंशांच्या आत भरवसा ठेवू नका, आणि १२०० च्या वर तर मुळीच नको. तिथे सगळंच पांढरं दिसतं आणि डोळा दिपतो.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण याची फार गल्लत होते. टेम्परिंगचे (कडक केलेलं पोलाद पुन्हा माफक तापवतानाचे) रंग, म्हणजे २२० ते २३० अंशांचा गवती पिवळा, २८० चा जांभळा, ३०० चा निळा, यांचा प्रारणाशी काही संबंध नाही. ते पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरात होणाऱ्या व्यतिकरणाचे रंग आहेत. माल थंड झाल्यावरही ते तसेच राहतात. तसंच, ते तापमानाइतकेच वेळेवरही अवलंबून असतात. त्याच तापमानाला जास्त वेळ ठेवलं तर थर जाड होतो आणि रंग पुढे सरकतो. भट्टीचा रंगतक्ता आणि टेम्परिंगचा रंगतक्ता एकाच कागदावर छापलेले असतात, पण त्यांची कारणं पूर्णपणे वेगळी.

---

बारावी_भौतिक

चांगली चर्चा. यात एक शंका घालतो, कारण वर्गात दरवर्षी येते. वारंवारतेच्या रूपात शिखराचं सूत्र पाहिलं तर दर केल्विनला ५८.८ गिगाहर्ट्झ. सूर्याला लावलं तर ३.३९ गुणिले १० चा १४ वा घात हर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला याने भागलं तर ८८३ नॅनोमीटर येतात. पण तरंगलांबीच्या सूत्राने ५०२. मुलं विचारतात, यातलं खरं शिखर कोणतं?

---

कृष्णवस्तू

सर, दोन्ही खरी आहेत. वक्राची उंची म्हणजे नुसती ऊर्जा नव्हे. ती दर मायक्रॉनमागची ऊर्जा आहे किंवा दर हर्ट्झमागची. हे "दर" कशाचं घेतलं ते बदललं की शिखर सरकतं.

फळ्यावर दाखवायला एक उदाहरण पुरतं. ०.१ मायक्रॉन रुंदीची खाच १ मायक्रॉनला घेतली तर तिच्यात ३० टेराहर्ट्झ मावतात. तेवढ्याच रुंदीची खाच १० मायक्रॉनला घेतली तर फक्त ०.३ टेराहर्ट्झ. म्हणजे वारंवारतेच्या समान खाचा तरंगलांबीच्या अक्षावर पाहिल्या तर लांब तरंगलांबीकडच्या खाचा खूप रुंद असतात, त्यांत जास्त ऊर्जा गोळा होते, आणि शिखर तिकडे सरकतं.

गणितात फरक एका अंकाचा. दुसरा प्रारण स्थिरांक १४३८८ मायक्रॉन-केल्विन आहे. त्याला तरंगलांबी आणि तापमान यांच्या गुणाकाराने भागून जी संख्या येते, ती तरंगलांबीच्या शिखरावर ४.९६५ असते आणि वारंवारतेच्या शिखरावर २.८२१. १४३८८ ला या दोघांनी भागा: २८९८ आणि ५१००. सूर्यासाठी ५०२ आणि ८८३ नॅनोमीटर.

विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणात हे ठळक दिसतं. तापमान २.७२५ केल्विन. पुस्तकात शिखर १६० गिगाहर्ट्झ दिलेलं असतं, म्हणजे १.८७ मिलिमीटर, वीनच्या नेहमीच्या सूत्राने १.०६ मिलिमीटर येतात. मुलांना हे दोन आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतात आणि एक चूक वाटतो.

"सूर्याचं शिखर हिरव्यात, म्हणून आपला डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील" हे वाक्य फार ठिकाणी छापलेलं असतं. वारंवारतेने आलेख काढला तर शिखर अवरक्तात जातं आणि हा युक्तिवाद उभा राहत नाही. मला वाटतं ते वाक्य वर्गात न वापरलेलंच बरं. त्याऐवजी न बदलणारा आकडा सांगा: सूर्याची निम्मी ऊर्जा ७११ नॅनोमीटरच्या अलीकडे आणि निम्मी पलीकडे. यात कुठल्याही "दर"चा प्रश्न येत नाही. तरंगलांबीच्या शिखराच्या अलीकडे फक्त चतुर्थांश ऊर्जा असते, तीन चतुर्थांश पलीकडे.

प्रयोग करायचा असेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब घ्या. पूर्ण व्होल्टेजला रोध १४४ भागिले २१, म्हणजे ६.९ ओहम. थंड रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. तो साध्या मल्टिमीटरने मोजू नका, कारण वायरींचा रोधच त्यात मिसळतो. १०० मिलिअँपियरच्या आत प्रवाह सोडून व्होल्टेज थेट बल्बच्या टोकांवर मोजा आणि भागाकार करा. टंगस्टनचा रोध ३०० केल्विनच्या तुलनेत २००० केल्विनला सुमारे १० पट आणि २५०० ला १३ पट होतो, त्यावरून तारेचं तापमान काढा आणि वीनने शिखर. ते १ मायक्रॉनच्या वर येईल. मग बल्बचं व्होल्टेज कमी करत नेताना मुलांना लोलकातून वर्णपट बघायला सांगा: आधी निळा जातो, मग हिरवा, शेवटी तांबडा.

शिखर स्वतः मोजायच्या भानगडीत मात्र पडू नका. साधा फोटोडायोड १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा असतो. बल्बची काच ३ मायक्रॉननंतर प्रारण अडवायला लागते. काचेचा लोलक तरंगलांब्या सम अंतरावर पसरवत नाही, त्यामुळे जे शिखर दिसेल ते तिसऱ्याच जागी असेल. लुमर आणि प्रिंग्सहाइम यांनी १८९९ मध्ये बर्लिनला हे मोजताना फ्लोराइटचा लोलक, तापवलेली पोकळी आणि बोलोमीटर (प्रारणाने तापून रोध बदलणारं मापक) वापरला, आणि लोलकाच्या या पसरवण्याची दुरुस्ती आकड्यांत केली. त्याच मोजमापांच्या मालिकेतून १९०० मध्ये प्लांकचं सूत्र आलं.

---

ऑप्टिकल_फिटिंग

मूळ प्रश्नाकडे वळतो. १ मायक्रॉनचं यंत्र घेतल्यावर बसवताना ज्या चुका होतात त्या सांगतो.

डाग, म्हणजे यंत्राला दिसणारा गोल, बिलेटच्या निम्म्याहून लहान हवा. अंतर आणि डाग यांचं गुणोत्तर १०० ला १ असेल तर ६०० मिलिमीटरवरून डाग ६ मिलिमीटरचा. ५० च्या बिलेटला हे उत्तम. बघण्याचा कोन पृष्ठभागाच्या लंबापासून ४५ अंशांच्या आत ठेवा. कडेवरून तिरकं पाहिलं की एमिसिव्हिटी बदलते.

नजर हीटरच्या तोंडातून आत नको. बाहेर पडल्यावर मोकळ्या जागेत पाहा. कॉइलच्या लायनिंगचा तापलेला भाग नजरेत आला तर त्याचं परावर्तित प्रारण मिसळतं. आणि उशीरही नको. १२०० अंशांचा ५० मिलिमीटरचा बिलेट सरासरी सेकंदाला तीन-चार अंशांनी उतरतो, पृष्ठभाग त्याहून वेगाने.

पपडी हा खरा शत्रू. उचललेली पपडी खालच्या लोखंडापासून सुटलेली असते, लगेच थंड होते आणि काळपट डाग दिसतो. यंत्राला तोच डाग दिसला तर वाचन ५० ते १०० अंश खाली. उपाय म्हणजे पीक होल्ड: बिलेट समोरून सरकत असताना अर्ध्या ते एक सेकंदातलं कमाल वाचन धरायचं. कमाल वाचन हे न सुटलेल्या, खऱ्या तापलेल्या जागेचं असतं. सरासरी कधीच घेऊ नका.

समोर काच असेल तर हिशोबात घ्या. साध्या स्वच्छ काचेच्या दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्के प्रकाश परततो. १ मायक्रॉनला त्याचा अर्थ १२ अंश कमी. काचेवर तेल आणि काजळी बसून ३० टक्के गेले तर ५० अंशांहून थोडं जास्त. म्हणून लेन्सपुढे कोरड्या हवेचा झोत ठेवा. कॉम्प्रेसरची हवा तेलाचे थेंब आणते, फिल्टर लावल्याशिवाय जोडू नका. ८ ते १४ च्या गनने काचेतून मोजायचा प्रयत्न तर करूच नका; तिला काच अपारदर्शक आहे, ती काचेचं तापमान सांगते.

एमिसिव्हिटी अंदाजाने लावू नका, एकदा काढून ठेवा. एका बिलेटच्या टोकाला १२ मिलिमीटर व्यासाचं, ७० मिलिमीटर खोल भोक पाडा. एवढं खोल भोक आतल्या आत परावर्तन होऊन कृष्णवस्तूसारखं वागतं, एमिसिव्हिटी ०.९८ च्या वर. मफल भट्टीत १२०० ला अर्धा तास ठेवा, बाहेर काढा, एमिसिव्हिटी १ लावून भोकात पाहा, लगेच शेजारच्या पृष्ठभागावर पाहा. दोन्ही आकडे मिळेपर्यंत एमिसिव्हिटी कमी करा. हे भट्टीच्या आत केलं तर फसाल, कारण तापलेल्या भिंतींमध्ये सगळंच १ च्या जवळ दिसतं. पडताळणीला भोकात थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमापक) घालायचा तर एस किंवा एन टाइप घ्या. के टाइप १२०० ला फार दिवस आकडा धरत नाही.

एमिसिव्हिटी चुकीची लागली होती असं नंतर कळलं तर जुनी वाचनं फेकायची गरज नाही. खऱ्या केल्विन तापमानाचा व्यस्त = वाचलेल्या केल्विनचा व्यस्त + (तरंगलांबी भागिले १४३८८) गुणिले (खरी एमिसिव्हिटी भागिले लावलेली) याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. यंत्राने १२०० दाखवलं, लावलेली ०.८५, खरी ०.७५, तर खरं तापमान १२१९.

दोन रंगांचा, म्हणजे रेशो पायरोमीटर घ्यावा का हेही विचाराल. तो ०.९५ आणि १.०५ मायक्रॉनच्या सिग्नलचं गुणोत्तर घेतो. धूर, धूळ, अर्धवट भरलेला डाग, मळकी काच यांनी दोन्ही सिग्नल सारखेच घटतात, गुणोत्तर टिकतं. त्या बाबतीत तो फार चांगला. पण दोन तरंगलांब्यांवरच्या एमिसिव्हिटीत नुसता १ टक्का फरक पडला की १२०० ला १५ अंशांची चूक होते, म्हणजे एका रंगाच्या यंत्राला १० टक्के चुकीने होते तेवढी. समान पपडीच्या मालाला तो ठीक, अर्धा चकचकीत अर्धा पपडीचा असेल तर नाही. तुमच्या लाइनला एक रंग आणि पीक होल्ड पुरेल असं माझं मत.

केबल शिल्डेड घ्या आणि इंडक्शनच्या बसबारपासून दूर न्या. ४ ते २० मिलिअँपियरचा सिग्नल व्होल्टेजच्या सिग्नलपेक्षा तिथे जास्त टिकतो.

---

फोर्जलाइन_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. १ मायक्रॉन, पीक होल्ड, भोकाचा बिलेट हे ठरलं. एक राहिलं: हाच पायरोमीटर टेम्परिंग भट्टीवर, ५५० ते ६०० अंशांना, चालेल का? माल भट्टीत असताना बाहेरून मोजायचा आहे.

---

ऑप्टिकल_फिटिंग

नाही चालणार. ६०० अंशांना शिखर ३.३ मायक्रॉनला असतं, १ मायक्रॉनला सिग्नल फार क्षीण होतो. बहुतेक सिलिकॉन यंत्रांची रेंजच ५५० ते ६०० च्या आसपास सुरू होते आणि तळाशी ती डळमळतात. तिथे १.६ मायक्रॉनचं इंडियम गॅलियम आर्सेनाइडचं यंत्र लागेल.

पण यंत्र बदलूनही भिंतींचा प्रश्न राहतो. भिंती ६०० ला, माल ५०० ला, एमिसिव्हिटी ०.८ धरली तर मालावरून परतलेलं भिंतीचं प्रारण मिसळून १.६ मायक्रॉनचं यंत्र ५४७ दाखवतं. माल भिंतीइतका तापला की आकडा २० अंशांच्या आत येतो, आणि तो उरलेला फरक एमिसिव्हिटी १ लावली की जातो. म्हणजे तापताना, जेव्हा माहिती हवी असते, तेव्हाच ते फसवतं. माल तयार झालाय असं सांगतं आणि तो आतून कच्चा असतो. टेम्परिंगला मालाच्या मधोमध ठेवलेल्या तुकड्यात भोक पाडून के टाइप थर्मोकपल घाला. ६०० ला तो व्यवस्थित टिकतो, स्वस्त पडतो, आणि त्याला भिंतींचं प्रारण दिसत नाही.